प्लगिनसाठी नॉबवाला कंट्रोलर घ्यायचाय, आठ नॉब पुरतील का?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडियाबाजारात आमच्या घराच्या माडीवर दहा बाय नऊची खोली आहे, तेच माझं रेकॉर्डिंगचं दुकान. वर्षभर अभंग, भजनं. गणपती यायच्या आधीपासून गरब्याची कामं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, आणि त्यात आवाजावर काम करणारी छोटी जोड-सॉफ्टवेअरं, म्हणजे प्लगिन. दिवसभर माउसने इक्यू, म्हणजे जाड-बारीक आवाजाचा तोल, ओढून मनगट धरलंय.

मागच्या वर्षी एका ओळखीच्याकडून सोळा नॉबचा जुना डबा घेतला, म्हणजे नॉब फिरवला की प्लगिनचा आकडा बदलणारा कंट्रोलर. नॉब दोन्ही टोकांना अडणारे. गरब्याच्या ढोलाला डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं प्लगिन, लावला होता, फीडबॅक (प्रतिध्वनी किती परत आत सोडायचा ते) वीसेक टक्के. डब्यावरचा तोच नॉब आधीच्या प्लगिनवर फिरवताना पूर्ण उजवीकडे राहून गेलेला. नुसतं बोट लागलं आणि फीडबॅक एकदम वर. ढोल स्वतःवरच चढत गेला, स्पीकर किंचाळायला लागले. आई खाली देवापुढे दिवा लावत होती, तिथून ओरडली, "काय फोडलंस रे?" गिऱ्हाईक समोर बसलेलं, ते वेगळंच.

आता एक्स-टच मिनी घ्यावा की लाँच कंट्रोल एक्सएल? मिनीला आठच नॉब आहेत. बजेट फार नाही.

पेटीकाका:
अरे, डबा चांगला आहे, फक्त त्याचा स्वभाव तुला माहीत नव्हता. अडणारा नॉब पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. तो जिथे उभा आहे तोच आकडा पाठवणार, प्लगिनमध्ये काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून उडी. जुन्या लाँच कंट्रोल एक्सएलचे चोवीसही नॉब असेच आहेत. मिनीचे आठ मात्र गोल गोल फिरत राहणारे, म्हणजे एन्कोडर, आणि प्रत्येकाभोवती दिव्यांचं कडं. रीपरकडून उलटा निरोप येईल अशी सोय केलीस तर आकडा कुठे आहे ते कड्यावर दिसतं.

पैसे खर्च करण्याआधी आज रात्री एवढं कर. प्लगिनचा नॉब माउसने जरा हलव, खिडकीत वर परॅम बटण आहे त्यात लर्न. तिथे सॉफ्ट टेकओव्हरची खूण टाक. मग तुझा डब्यावरचा नॉब प्लगिनच्या आकड्यापर्यंत येईपर्यंत गप्प बसतो, तिथे पोचला की पकडतो. शोधत बसावं लागतं, पण किंचाळणार नाही. एन्कोडर घेतलास तर त्याच जागी रिलेटिव्ह निवडायचं, म्हणजे नॉब कुठे उभा आहे ते नाही, फक्त किती फिरला ते पाठवतो. ते तीन प्रकारचं आहे. चुकीचा प्रकार लागला की डावीकडे फिरवलं तरी आकडा उजवीकडे पळतो, तेव्हा घाबरू नकोस, पुढचा प्रकार लाव.

आता दुसरी गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. डबा आणि सॉफ्टवेअर ज्या भाषेत बोलतात ते मिडी १९८३चं. साधा कंट्रोल निरोप ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्या. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, तो कुठल्या पातळीपासून दाबायचा तो थ्रेशोल्ड ६० डेसिबलमध्ये वाटला तर एक पायरी अर्ध्या डेसिबलहून कमी, कोणाच्या कानाला कळणार? पण इक्यूची फ्रिक्वेन्सी २० ते २०,००० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं, म्हणजे १२० स्वर. अडणाऱ्या नॉबची एक पायरी म्हणजे पेटीची जवळजवळ एक पट्टी! फिल्टरचा कटऑफ (जिथून पुढचा आवाज कापला जातो ती जागा) हळू उघडायला गेलास की काही प्लगिनमध्ये मींड राहतच नाही, जिन्याच्या पायऱ्या ऐकू येतात. एन्कोडर रिलेटिव्हवर असला की पायरी बारीक करता येते. रीअलर्न नावाचं फुकट प्लगिन आहे, त्यात पायरीचं माप आपण ठरवायचं.

उंदीरमामा:
मी पंधरा वर्षं माउसवर काम करतोय, मनगट ठणठणीत. टेबल दोन इंच खाली घ्या, सुटेल प्रश्न.

फतेहगंजचा बेस:
मामांकडे दुर्लक्ष करा, त्यांचं टेबल मी पाहिलंय.

दादा, एक सापळा टाळा. काही कंट्रोलर एकाच कंपनीच्या प्लगिनभोवती बांधलेले असतात. कन्सोल वन हाताला अप्रतिम लागतो, पण मजा त्याच्या घरच्या चॅनेलवर. एनकेएस ही नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची प्लगिन जुळवायची पद्धत, त्या कीबोर्डवरही आठ नॉब असतात. त्या पद्धतीचं प्लगिन असेल तर नावं आपोआप येतात, तुमच्या फुकटच्या डिलेला नाही येणार. टॅबलेटवर टचओएससी, म्हणजे पडद्यावर नॉब काढून देणारं ॲप, मी वर्षभर वापरलं. काचेवर बोटाला काही लागतच नाही, नजर परत स्क्रीनवर. मग माउस काय वाईट?

माझ्याकडचा मिनी दोन दिवस घेऊन जा.

दांडियाबाजारकर:
दोन दिवसांचे पाच झाले, माफ करा. काका, सॉफ्ट टेकओव्हर त्याच रात्री लावलं, जुना डबा शांत झाला. पण शोधाशोध नको वाटते, विशेषतः गायक समोर उभा असताना.

मिनीवर आठ पुरतात, पण एका अटीवर. लर्नच्या खिडकीत प्लगिनची खिडकी पुढे असेल तेव्हाच चालू, अशी खूण आहे. ती टाकली की तेच आठ नॉब इक्यूला वेगळे, कॉम्प्रेसरला वेगळे. मी ठरवलंय, पहिला नॉब नेहमी 'कुठे' आणि दुसरा 'किती', प्लगिन कुठलंही असो. खाली पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय. मिनीला ए आणि बी असे दोन थर आहेत, थर बदलला की तेच नॉब दुसरी कामं करतात. दुसरा थर मात्र अजून अंगवळणी पडत नाही. काल चुकून बी थरावर होतो आणि पाच मिनिटं तबल्याऐवजी तंबोऱ्याचं रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, फिरवत होतो. कळलं नाही, कारण तंबोरा बंद होता.

नवाच मिनी मागवतोय. काका, रविवारी सेव-उसळ माझ्याकडून. येताना जुना डबाही बघाल का? तिसऱ्या नॉबचा आकडा हात न लावता थरथरतो.

पेटीकाका:
धूळ असेल. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मार आणि वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. शिवणयंत्राचं तेल घालू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. उसळीला तिखट तर्री हवी.