साक्ष द्यायला आधी दारू प्यायला हवी का?

बाकावरचा: 'ज्याच्याकडे साक्ष नाही, त्याच्याकडे तारण नाही' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. साक्ष म्हणजे येशूनं आपलं आयुष्य कसं बदललं ते मंडळीपुढे, चर्चमधल्या लोकांपुढे, सांगणं; तारण म्हणजे पापातून सुटका. मी चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. कधी प्यालो नाही, बायकोवर हात उचलला नाही, डॉक्टरांनी हात टेकले असंही झालं नाही. संडे स्कूल, दृढीकरण, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे. यातलं माईकवर काय सांगू? आमच्या मंडळीत साचाच ठरलाय: आधी वीस मिनिटं रसभरीत पाप, मग घाईघाईत येशू. एका भावाच्या साक्षीत तर दरवर्षी बाटल्या वाढतात.

दापोडीकर: हसा. माझा बाप अशाच साक्षीनं सुटला. कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभेच्या, मांडवात टवाळी करायला गेला होता. बोलणारा रिक्षावाला, धड वाक्य जुळवता येत नव्हतं. बाप घरी येऊन रडला. पाळकांच्या उपदेशांनी जे वर्षानुवर्षं झालं नाही, ते त्या रात्री झालं. बायबलात योहान ९ मधला आंधळा एवढंच म्हणाला, आंधळा होतो, आता दिसतं. परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, ते पुरलं नाही. तुम्हालाही नाही पुरणार.

मिरजेची लेक: मांडवात लोक आपणहून येतात हो. माझं सासर ख्रिस्ती, माहेर नाही. वडील दवाखान्यात शेवटच्या दिवसांत होते. सासरकडच्या एक काकू उशाशी बसून तासभर साक्ष देऊन गेल्या. वडील हात जोडून "बरं, बरं" म्हणत राहिले, कारण उठून जाता येत नव्हतं. बायबलातलं १ पेत्र ३:१५ तुमचंच ना? विचारेल त्याला उत्तर द्या, तेही सौम्यतेनं. वडिलांनी विचारलं नव्हतं.

बाकावरचा: कवी ना. वा. टिळकांचंच बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० चा. नवरा एवढा कवी, तरी बाई आपल्या वेळेनंच आल्या.

राहुरी रोड: आले टिळक! आता पंडिता रमाबाई येतील. साक्ष म्हटलं की तुम्हाला ब्राह्मणच कसे आठवतात? नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या भरल्या त्या महारवाड्यांनी आणि मांगवाड्यांनी. त्यांची साक्ष कुणी छापली?

बाकावरचा: ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी कासार होते. बाप्तिस्मा १८५४. अर्धवट इतिहास नको.

राहुरी रोड: एक कासार सापडला, झाली बरोबरी? माझ्या खापरपणजोबांना आजही 'दुष्काळातले ख्रिस्ती' म्हणतात, १८७६ च्या दुष्काळावरून. म्हणणारे बाहेरचे नाहीत, मंडळीतलेच! पोटात अन्न गेलं म्हणून विश्वास खोटा? ज्यांना गावच्या विहिरीला शिवता येत नव्हतं, त्यांची पोरं मिशनच्या शाळेत पाटी घेऊन बसली. ही साक्ष नाही? की त्यात रडारड कमी पडते?

दापोडीकर: प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का?

राहुरी रोड: लग्नाच्या बैठकीत तुम्हीच आणता.

वसईकर: आम्ही कॅथलिक. आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, माईकच मिळत नाही. सुखी आहोत. चालू द्या.

मिरजेची लेक: सगळे भांडलात. माझ्या वडिलांबद्दल कुणी बोललं नाही.

दापोडीकर: काकूंचं चुकलं. झालं समाधान? पण त्यांना माया नव्हती असं म्हणू नका.

मिरजेची लेक: मायाच होती. म्हणून तर बाहेर जा म्हणता आलं नाही.

बाकावरचा: राहुरी रोड, खापरपणजोबांचं लिहून काढा. टोमणा नाही मारत.

राहुरी रोड: लिहीन. पण तुमच्या पाळकांनी उपासनेत वाचायचं, जातीच्या ओळी न गाळता.

बाकावरचा: त्यांचं मी काय सांगू? मेमध्ये त्यांची बदली आहे.