प्रोत्साहनाच्या या चर्चेत बायबलमधला बर्णबा राहिलाच की!
'प्रोत्साहन म्हणजे गोड बोलून चुकांवर पांघरूण घालणं' हे इथे कुणी मांडलेलं मत पटलं नाही. बर्णबाचंच बघा. मूळ नाव योसेफ, कुप्र (सायप्रस) बेटावरचा लेवी, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या यहुदी वंशातला. 'धीराचा पुत्र' अशा अर्थाचं बर्णबा हे नाव येशूच्या प्रेषितांनी दिलेलं. पण गृहस्थाने स्वतःची पत पणाला लावली. यरुशलेमेत शिष्य शौलाला (म्हणजे पुढचा पौल; आधी तो त्यांचा छळ करायचा) घाबरत होते, तेव्हा त्याला प्रेषितांपुढे यानेच नेलं. पुढे प्रचाराच्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परतलेल्या मार्क या सोबत्याला पुन्हा सोबत घ्यायचं म्हणून त्याच पौलाशी इतका भांडला की वाटाच वेगळ्या झाल्या. आणि नंतर आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. (भांडणात कोण बरोबर होतं ते यातच आलं!)

मी पंधरा-सोळाची असताना उपासनेत शास्त्रपाठ वाचताना 'नबुखद्नेस्सर' या बाबेलच्या राजाच्या नावावर तीनदा अडखळले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाहेर आल्यावर मंडळीतल्या एक मावशी 'छान वाचलंस' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. 'शनिवारी संध्याकाळी घरी ये, दोघी मोठ्याने वाचू,' एवढंच. पुढच्या रविवारच्या यादीत पुन्हा माझंच नाव, त्यांनीच घातलेलं.