मदत हवी आहे: भाच्यासाठी वेगळं काम मागायचंय (इंदूर)

नमस्कार मंडळी. भाचा २४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे. सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्याचे मालक सोमवारी भेटणार आहेत. जागा पॅकिंगची, पण मशीनचा वेग त्याला झेपत नाही. पाकिटांवरच्या तारखा, बॅच नंबर मात्र तो नेमके तपासतो. पुसट छपाई दिसली की पाकीट लगेच बाजूला. तिथे ही तपासणी सुपरवायझर कशीबशी उरकतो, म्हणून तेवढंच काम, रोज चार तास, मागायचंय. रोजगार मेळाव्यात सगळ्यांना पूर्ण वेळच हवा होता. फुकट ट्रायल नको, पगार किमान वेतनाच्या हिशेबानेच. कारखान्यात वीसहून जास्त कामगार आहेत, म्हणजे २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे सविस्तर समान संधी धोरण (दिव्यांगांना कामावर काय संधी, सोयी देणार ते लेखी) लागतंच. हा विषय पहिल्याच भेटीत काढावा, की आधी त्याचं काम दाखवावं? आणि अशा वेगळ्या कामाचं पत्र मालकाकडून कुणी करून घेतलं असेल, तर त्यात काय काय लिहून घेतलंत?