लापँ आजीलबद्दल मदत हवी आहे (तातडीने)

रानजाई: शनिवारी रात्री लापँ आजीलला जायचंय. जेवण तिथेच मिळतं का? दारू न घेणाऱ्याला बसू देतात का? लवकर सांगा, उद्या निघतोय.

गिरगावकर: हे कुठे आलं? गाव तरी लिहा.

रानजाई: पॅरिस! माँमार्त्रची टेकडी, सशाची पाटी असलेला जुना कॅबरे, म्हणजे गाण्यांचा अड्डा.

सुरपेटी: मी जाऊन आलोय. जेवण नाही, जेवूनच जा. तिकिटात एक पेय धरलेलं असतं. मी फळांचा रस घेतला, कोणी काही म्हटलं नाही. बाकीच्यांसमोर छोट्या पेल्यांत दारूत मुरवलेल्या चेरी. खोली लहान, अंधारी. टेबलांवर लोकांनी कोरलेली नावं हाताला लागतात. माइक नाही. शेजारी बसलेला माणूस एकदम गायला लागतो, तेव्हा कळतं की हाच गायक. फ्रेंच येत नसलं तरी ध्रुवपद आपोआप तोंडी येतं.

गिरगावकर: अच्छा, ते! पिकासोने या कॅबरेचं काढलेलं मूळ चित्र तिथेच आहे, तेवढ्यासाठी तरी जाच.

तैलरंग: नाही हो. १९०५ चं ते मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात मागे गिटार घेऊन बसलाय तो फ्रेदे, तेव्हा हा कॅबरे तोच चालवायचा. त्याच्या लोलो नावाच्या गाढवाच्या शेपटीला ब्रश बांधून चित्र रंगवून घेतलं आणि १९१० मध्ये 'बोरोनाली' या खोट्या चित्रकाराच्या नावाने प्रदर्शनात लावलं! पाटीवरचा ससा व्यंगचित्रकार आंद्रे जिलने काढला, पातेल्यातून उडी मारून निसटणारा. जिलचा ससा म्हणजे 'लापँ आ जिल'. त्याचंच पुढे 'आजील' झालं, म्हणजे चपळ.

रानजाई: छान, पण जायचं कसं ते कोणी सांगेल का?

झेंडूफूल: आबेस मेट्रो. डोळे मिटून.

सुरपेटी: आबेसहून अख्खी टेकडी ओलांडावी लागते. लामार्क-कोलँकूर स्टेशन जवळ पडतं.

झेंडूफूल: आबेस ३६ मीटर खोल आहे, पण लिफ्ट आहे. वाटेत चित्रकारांचा चौकही बघून होतो.

सुरपेटी: लिफ्ट लामार्कलाही आहे. रात्री चौक कशाला बघायचा?

प्रवासीपक्षी: शेंगेनचा प्रवासविमा केलात ना? त्याशिवाय व्हिसाच मिळत नाही.

रानजाई: विमा, व्हिसा सगळं झालंय. अडचण आईची आहे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, चढ चढवत नाही. पण गाण्यासाठी तिलाच न्यायचंय, चाळीस वर्षं भजनी मंडळात गातेय.

झेंडूफूल: अहो, हे आधी सांगायचं! मग मेट्रो दोन्हीकडची नको. लामार्कहूनही र्‍यू दे सोल या कॅबरेच्या रस्त्याचा चढ आहेच. टॅक्सीने थेट २२ नंबरच्या दारात उतरा. परतीची टॅक्सीही आधीच ठरवून ठेवा, काकूंना रात्री रस्त्यात उभं करू नका.

सुरपेटी: आणि दार उघडायच्या आधी पोचा. मी बसलो त्या बाकाला पाठ नव्हती. भिंतीकडची जागा मिळाली तर काकूंना टेकता येईल.

रानजाई: टॅक्सीच करते. आईला चेरीचं सांगितलं, तर म्हणाली, "एक चाखून बघीन."