जुलाब थांबले तरी पोट ताळ्यावर येत नाही: दोष मनाचा की आतड्याचा?

सांजवेळ: दीड वर्षापूर्वी एका लग्नात जेवून बहिणीला जुलाब लागले. चार दिवसांत थांबले. तेव्हापासून मात्र साधे पोहे खाल्ले तरी पोटात पीळ पडतो आणि एसटीत बसण्याआधी शौचालय शोधावं लागतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. घरच्यांनी निकाल देऊन टाकला, "टेन्शन घेतेस." मला हे अजिबात मान्य नाही. आतड्याच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये मज्जापेशींचं जाळं असतं. कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं, ते हे जाळंच ठरवतं. जंतू गेले तरी काहींच्या आतड्यात प्रतिकारयंत्रणेच्या मास्ट पेशी मज्जातंतूंना खेटून राहतात आणि हिस्टामिन हे रसायन सोडत राहतात. मग जरासं अन्न आलं तरी नसा चवताळतात. सोनोग्राफीत हे दिसणार कुठून?

कडूलिंब: जुलाब सगळ्यांना होतात, पोट कायमचं बिघडतं थोड्यांचंच. कॅनडातल्या वॉकरटन गावात २००० साली नळाच्या पाण्यात ई. कोलाय जंतू गेले. दोन हजारांवर माणसं आजारी पडली, सात दगावली. पुढे आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा आधीपासून चिंता-नैराश्य असलेल्यांना आयबीएसचा, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असूनही पोट सतत दुखण्या-बिघडण्याच्या आजाराचा, धोका जास्त निघाला. मन बाजूला कसं काढणार?

सांजवेळ: त्याच पाहणीत आजारपणात ताप आलेल्यांचा, वजन घटलेल्यांचाही धोका जास्त होता. तेही मनाच्याच खात्यावर टाकणार का?

वॉर्डातली ताई: पोटाच्या ऑपरेशननंतर मी रोज सकाळी विचारते, "काका, वारा सरला का?" भूल केव्हाच उतरलेली असते, पण स्टेथो लावला तर पोटात गुरगुर नाही. आतडी हाताळली की स्नायूंतले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) खवळतात, नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतात आणि आकुंचन मंदावतं. त्या काकांना कुणी टेन्शनचं ऐकवत नाही. बहिणीचं वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र आयबीएस समजून थांबू नका.

कडूलिंब: ताई, उंदरांत मेंदूतून पोटापर्यंत येणारी व्हेगस नस चेतवली की तेच मॅक्रोफेज शांत होतात, म्हणजे मेंदूचाही हात आहेच. १९८४ साली मँचेस्टरमध्ये संमोहनाने आयबीएसच्या रुग्णांना आराम पडला होता. 'मनाचं नाही' म्हणत तिचा हा उपाय बंद करू नका.

सांजवेळ: वजन, रक्त, दोन्ही ठीक आहे. संमोहनाचंही विचारेन. पण ते डॉक्टरांनी सांगावं, तिची तक्रार पुरती ऐकून घेऊन. मागच्या वेळी तिचं बोलणं संपायच्या आत झोपेची गोळी लिहून दिली होती.