चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, नवीन टाकून पण तेच

घाटमाथा
मंडळी डोकं फिरायची वेळ आलीय. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, घरूनच काम असल्यामुळे आठवड्यातून एकदा निघते. चार दिवस उभी राहिली आणि सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. जुनी बॅटरी म्हातारी झाली असेल म्हणून दिवाळीआधी ३५ एएचची (अँपियर-तास) नवीन टाकली, ती पण सोमवारी झोपली. बॅटरीवाला म्हणतो अल्टरनेटर बघा, गॅरेजवाला म्हणतो बॅटरीच खराब. गाडी चालू असताना टर्मिनलला १४.२ व्होल्ट दाखवतंय म्हणजे चार्जिंग होतंय ना? शेजारच्या काकांकडे जंप केबल मागायची आता लाज वाटते. घरी चेक करता येईल का, चार-पाचशेवाला मल्टिमीटर आहे.

पाना_पक्कड
१४.२ म्हणजे चार्जिंग ठीक आहे. गाडी बंद असताना कोण करंट खातंय ते शोधा. निगेटिव्हची केबल काढा (पॉझिटिव्हला हात लावू नका, पाना बॉडीला टेकला तर दिवाळी), मीटरची लाल पिन १०ए च्या भोकात, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं काढलेल्या केबलला. आता महत्त्वाचं, मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ शंभराच्या वर अँपियर ओढतो आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजच नसतो, मीटरचा कोळसा होईल.
आणि लगेच रीडिंग घेऊ नका. दार उघडं ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून लॉक करा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल, रिमोट लांब ठेवा, अर्धा-पाऊण तास थांबा. सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपल्यावर ५० मिलीअँपियरच्या आत यायला हवं.

जुनी_जीप
एवढा उद्योग कशाला, रात्री निगेटिव्ह काढून ठेवायची. आमच्या जीपला कट-ऑफ स्विच आहे, वर्षानुवर्षं काही त्रास नाही 😀

घाटमाथा
@जुनी_जीप दादा तुमच्या जीपला सेंट्रल लॉक नाही हो, आमच्याकडे केबल काढली की घड्याळापासून सगळं परत सेट करत बसा.
आज केलं. सुरुवातीला २.८ अँपियर, मग हळूहळू उतरलं आणि ०.३८ वर येऊन अडकलं, तासाभराने पण ०.३८ च.

पाना_पक्कड
सापडलं की मग. ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला नऊ एएच, चार दिवसांत ३६, आणि तुमची बॅटरी ३५ ची. बॅटरीवाल्याला उगाच शिव्या घातल्या आपण.
आता फ्यूज. एकेक उपटत बसलात तर परत लावताना मॉड्यूल जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास वाट बघा. त्यापेक्षा आधी मीटर काढून केबल लावून टाका, गाडी परत झोपू द्या. मग पिन व्होल्टच्या भोकात टाकून मिलीव्होल्टवर, प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात त्यांना टोकं लावा. शून्य म्हणजे करंट नाही, काहीतरी आकडा आला की तो पकडा. बाहेरून बसवलेलं काय काय आहे? डॅशकॅम, जीपीएस, स्टिरिओ?

घाटमाथा
स्टिरिओच निघाला!! अँड्रॉइडवाला, गेल्या वर्षी बाहेरून बसवलेला. बाकी सगळे शून्य, ऑडिओच्या फ्यूजवर आकडा. तो उपटला तर सगळा करंट ०.०३. मागे हात घालून बघितलं तर फिटिंगवाल्याने पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. मी बटणाने स्क्रीन बंद करायचो, आत तो जागाच.

पाना_पक्कड
पिवळी कायम सप्लायवर राहू दे, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल तेवढी सोडवून एसीसीच्या (चावी फिरवली की चालू होणाऱ्या) वायरला द्या, सोल्डर करून, पीळ मारून नको. आणि ही बॅटरी दोनदा तरी तळाला गेलीय, नुसती गाडी फिरवून भरणार नाही, बाहेर काढून तीन-साडेतीन अँपियरवर रात्रभर चार्जिंगला लावा, मग काही तास तशीच ठेवून बघा. १२.६ च्या आसपास टिकली तर वाचली, १२.२ वर घसरली तर वॉरंटीचं कार्ड शोधून ठेवा.

घाटमाथा
१२.५५ आहे सकाळपासून. शनिवारपर्यंत गाडीला हात लावत नाही, मग सांगतो.