क्वीनचा सर्वोत्तम अल्बम कोणता? माझे मत 'क्वीन टू'ला

(ही चाहत्यांमधली चर्चा आहे; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

काळी बाजू

क्वीन या ब्रिटिश बँडचा सर्वांत आवडता अल्बम कोणता, असे विचारले की बहुतेक जण 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' हे नाव घेऊन मोकळे होतात, आणि का म्हणून विचारले की 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या पलीकडे त्यांची गाडी सरकत नाही. ते गाणे थोर आहे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु बारा गाण्यांचा अल्बम एका गाण्याच्या पुण्याईवर थोर ठरवायचा असेल, तर आपण अल्बमची निवड करत नसून त्या एका गाण्याचीच निवड पुन्हा एकदा करत असतो.

माझे मत मार्च १९७४ मध्ये आलेल्या 'क्वीन टू'ला आहे. या तबकडीला पहिली आणि दुसरी बाजू नाही. पांढरी बाजू आणि काळी बाजू आहे. पांढऱ्या बाजूवर चार रचना गिटारवादक ब्रायन मे यांच्या आणि एक ड्रमवादक रॉजर टेलर यांची, तर काळी बाजू संपूर्णपणे गायक फ्रेडी मर्क्युरीची आहे. 'ऑगर बॅटल' सुरू होते ते त्याच गाण्याचा शेवट फितीवर उलटा फिरवून, त्यामुळे दुरून काहीतरी आपल्या अंगावर चालून येत आहे असे वाटते. त्यानंतरची 'फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' ही रचना लंडनच्या टेट संग्रहालयातील रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या एका चित्रावर बेतलेली आहे. डॅडने ते चित्र मनोरुग्णालयात असताना वर्षानुवर्षे रंगवले होते आणि त्यात बोटभर उंचीची इतकी पात्रे आहेत की नजर कुठे ठरत नाही. मर्क्युरीने गाण्यातही तीच दाटी केली आहे: हार्पसिकॉर्डची टोकदार सुरावट, तिच्यावर आवाजांचे थर, आणि प्रत्येक पात्र डोकावून लगेच नाहीसे होते. ते संपते न संपते तोच पियानोवर 'नेव्हरमोअर' सुरू होते. 'मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' तर साडेसहा मिनिटांत इतक्या वेळा रूप बदलते की पुढच्या वर्षीच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा कच्चा खर्डा इथेच लिहिला गेला, असे मी म्हणेन. आणि हे सारे सोळा ट्रॅकच्या, म्हणजे फक्त सोळा आवाज वेगवेगळे नोंदवू शकणाऱ्या, यंत्रावर झाले आहे.

वसतिगृहात असताना एका मित्राने मला नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. तिच्या एका बाजूला 'क्वीन टू' आणि दुसऱ्या बाजूला 'ऑपेरा' होता. दोन वर्षांनी 'क्वीन टू'ची बाजू झिजून घोगरी झाली, 'ऑपेरा'ची मात्र जवळपास कोरीच राहिली. माझी निवड त्या कॅसेटनेच केली आहे.

सुईखालचा

आधी कॅसेटचे पाहू. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच फितीवर असतात. तुम्ही 'क्वीन टू' लावलात तेव्हा 'ऑपेरा'ही त्याच हेडवरून घासत गेला होता; तो फक्त उलट्या दिशेने जात होता आणि तुम्हाला ऐकू येत नव्हता. एक बाजू झिजली आणि दुसरी कोरी राहिली, हे संभवत नाही. तेव्हा हा साक्षीदार बाद.

आता मुद्द्याचे. 'ऑपेरा' एका गाण्यावर उभा आहे, हे विधान तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला करता येणार नाही. 'डेथ ऑन टू लेग्ज'मध्ये जुन्या व्यवस्थापकावर काढलेली जळजळीत भडास आहे, आणि तिच्या पाठोपाठ 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून' हा जेमतेम सव्वा मिनिटाचा जुन्या नाटकगृहातला खेळकरपणा. या गाण्यातला आवाज जुन्या कर्ण्यातून आल्यासारखा वाटावा म्हणून मर्क्युरीचे गाणे पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या हेडफोनमधून वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले. 'थर्टी-नाइन' वरवर पाहता गिटारवरचे साधे लोकगीत आहे, परंतु त्यातले प्रवासी अंतराळात वर्षभर राहून परततात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षे उलटून गेलेली असतात. खगोलभौतिकीचा अभ्यास अर्धवट सोडून बँडमध्ये आलेल्या आणि २००७ मध्ये ती पीएच.डी. पूर्ण करणाऱ्या मे यांनाच हे गाणे सुचू शकत होते. 'गुड कंपनी'मध्ये ऐकू येणारा क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनचा जॅझ ताफा प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. तो सगळा एका गिटारमधून काढला आहे. तबकडीच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरला नसल्याचे अभिमानाने छापण्याचा हक्क त्यांना होता तो यामुळे.

'द प्रॉफेट्स साँग'चा तर तुम्ही उल्लेखच केला नाहीत. त्या आठ मिनिटांच्या गाण्यात मध्येच सारी वाद्ये थांबतात आणि मर्क्युरी एकटा उरतो. त्याने गायलेली ओळ फितीच्या विलंबाने परत येते, तो तिच्यावर पुढची ओळ गातो, तीही परत येते, आणि एकाच गळ्याची मंडळी स्वतःशीच सवाल-जवाब करू लागते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' त्या अल्बमवर नसती, तरी माझे मत बदलले नसते.

चौथा गडी

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली आहे. क्वीन हा चार गीतकारांचा बँड होता आणि त्यातले चौथे बासवादक जॉन डीकन. 'क्वीन टू'वर त्यांचे एकही गाणे नाही. 'ऑपेरा'वर एक आहे, 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', आणि त्यातला विजेवरचा पियानोही त्यांनीच वाजवला आहे.

माझे मत १९८० च्या 'द गेम'ला. तोपर्यंत हा बँड प्रत्येक रिकामी जागा भरून काढत असे. म्युनिकमध्ये हा अल्बम ध्वनिमुद्रित करताना तो जागा मोकळी सोडायला शिकला. 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मध्ये डीकन यांचा बास आणि ठेका यांच्याभोवती हवा खेळते, आणि ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'चेही तेच. हा अल्बम सुमारे पस्तीस मिनिटांत आटोपतो. तुमच्या काळ्या बाजूवर मला गुदमरायला होते.

टेबललँड

मर्क्युरी आठव्या वर्षापासून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे इथे कोणी कसे काढले नाही? जन्म झांझिबारचा, आईवडील मूळचे गुजरातकडचे पारशी, तरी फ्रेडी हे नाव त्याला पाचगणीच्या सवंगड्यांनी दिले, पियानोचे शिक्षण तिथेच झाले आणि 'हेक्टिक्स' हा पहिला बँडही त्याने तिथेच काढला. माझे बालपण त्या गावात गेले असल्यामुळे मी निःपक्षपाती असल्याचा दावा करत नाही. परंतु शाळेच्या गायनवृंदात अनेक आवाज एकमेकांवर कसे रचतात हे ज्याने लहानपणी ऐकले, त्याचे ते शिक्षण ज्या अल्बमवर सर्वाधिक दिसते तोच अल्बम मी निवडेन, आणि तो म्हणजे 'अ डे अ‍ॅट द रेसेस'. १९७६ मधल्या त्या अल्बमवरील 'समबडी टू लव्ह' ऐकताना चर्चमधला मोठा गायकवर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि गाणारी माणसे मात्र तीनच आहेत.

काळी बाजू

पाचगणीचा अभिमान मलाही आहे, परंतु अल्बम निवडताना तो बाजूला ठेवावा लागेल. त्या तिघांतले दोघे मे आणि टेलर होते; त्यांनी पाचगणी पाहिलेली नव्हती, आणि क्वीनच्या समूहगायनातला तो कानाला झिणझिण्या आणणारा वरचा सूर बहुतेक वेळा टेलर यांचा असतो. श्रेय वाटायचेच तर नीट वाटू.

'चौथा गडी' यांना एक सांगायचे आहे. डीकन यांचे गाणे 'क्वीन टू'वर नाही हे खरे, परंतु डीकन आहेत. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्यांनी एक छोटासा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला होता. अल्बमच्या सुरुवातीच्या 'प्रोसेशन'मध्ये मे यांची गिटार त्याच पेटीतून वाजते, म्हणून तिचे थर व्हायोलिनच्या ताफ्यासारखे वाटतात. सुईखालच्यांनी ज्या 'गुड कंपनी'चे कौतुक केले, तिथल्या जॅझ ताफ्यामागेही तीच पेटी आहे.

ती गिटारही लक्षात घेण्याजोगी आहे. मे आणि त्यांच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून ती घरीच घडवली, आणि मे ती सहा पेन्सच्या नाण्याने छेडतात. 'व्हाइट क्वीन'मध्ये मात्र त्यांनी एक स्वस्तातली साधी गिटार घेतली असून तिच्या घोडीत फेरफार करून तारा किंचित घासतील अशी व्यवस्था केली आहे. परिणाम असा की त्या सुरांना चक्क जवारी, म्हणजे सतारीच्या तारांसारखी गुणगुण, आहे. ज्याचा कान सतारीवर तयार झाला आहे त्याने हे गाणे एकदा डोळे मिटून ऐकावे. लंडनच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला ही गुणगुण हवीशी वाटली याचे मला अजूनही नवल वाटते.

मंद्र

तुम्ही सगळे जण सत्तरीच्या दशकाभोवतीच फिरत आहात. १९९१ च्या फेब्रुवारीत आलेला 'इन्युएंडो' ऐका. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचे आहे, त्यात 'येस' या बँडचे स्टीव्ह हाऊ यांनी स्पॅनिश ढंगाची गिटार वाजवली आहे, आणि 'ऑपेरा'नंतर इतके धाडस त्यांनी क्वचितच केले असेल. 'द शो मस्ट गो ऑन' हे मुख्यतः मे यांचे गाणे. त्यातल्या वरच्या पट्टीच्या ओळी मर्क्युरीला आजारपणात झेपतील का, अशी शंका मे यांना होती, आणि त्याने व्होडकाचा घोट घेऊन त्या गाऊन टाकल्या, असे मे यांनीच सांगितले आहे. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला तो गेला. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते आणि भैरवीनंतर दुसरे काही गात नाहीत. माझ्या लेखी हा अल्बम त्या जागेवर आहे.

सुईखालचा

भैरवीची उपमा आवडली, पण पटली नाही. भैरवी गाणाऱ्याला ही भैरवी आहे हे माहीत असते आणि श्रोत्यांनाही माहीत असते. 'इन्युएंडो' आला तेव्हा श्रोत्यांना ते सांगितलेले नव्हते. त्या वेळी जे कानांना दिसले नाही ते आपण मागाहून त्यात घालत आहोत. आजारपणाची हकीकत दूर ठेवून ऐकले, तर मला त्यात चार अप्रतिम गाणी आणि बरीचशी भरताड सापडते.

'द गेम'बद्दल थोडक्यात सांगतो. मोकळी हवा हा गुण आहे, पण डीकन यांची दोन गाणी आणि मर्क्युरीचे 'क्रेझी लिटल थिंग' वगळले तर पस्तीस मिनिटांतली बाकीची मिनिटे आठवून पाहा.

आता 'क्वीन टू'कडे वळू. माझ्याकडे तिची तबकडी आहे. पांढरी बाजू संपते ती टेलर यांच्या 'द लूजर इन द एंड'ने. इतक्या गंभीर मिरवणुकीच्या शेवटी हे गाणे म्हणजे पंगतीत बासुंदीनंतर वाढलेली भजी. 'ऑपेरा'वर 'स्वीट लेडी' हे एक सामान्य गाणे आहे, हे मी कबूल करतो, पण ते मधल्या ओळीत बसवले आहे. अर्ध्या मैफलीच्या समेवर आणून ठेवलेले नाही.

काळी बाजू

'लूजर'बद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. कॅसेटवर उठून बाजू बदलावी लागत नसल्यामुळे ते गाणे संपताच 'ऑगर बॅटल'चा उलटा सूर चढू लागायचा, आणि आधीचे सगळे माफ व्हायचे. तबकडीवाल्यांना मधल्या शांततेत बसून विचार करावा लागतो, ही त्यांची अडचण.

फितीच्या झिजण्याचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. काल माळ्यावरून ती कॅसेट काढून दोन्ही बाजू लावल्या, आणि 'ऑपेरा'ही तितकाच घोगरा झालेला आहे. मला तो कोरा वाटत होता, कारण मी तो लावतच नव्हतो. त्या निमित्ताने 'प्रॉफेट्स साँग' बऱ्याच वर्षांनी पूर्ण ऐकले. वाद्ये थांबल्यानंतरचा तो भाग तुम्ही सांगितलात तसाच आहे, आणि माझ्या मूळ विधानातला 'एका गाण्याच्या पुण्याईवर' हा शब्दप्रयोग मी मागे घेतो.

एक कबुली मात्र द्यायला हवी. 'क्वीन टू' एकेचाळीस मिनिटांच्या आत संपतो, म्हणून मित्राने उरलेल्या फितीवर जागा वाया जाऊ नये म्हणून 'किलर क्वीन' भरले होते. ते पुढच्या अल्बममधले आहे, हे मला कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते. पुढे सीडी विकत घेतली तेव्हा 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'च्या शेवटी समुद्रकिनाऱ्याचे ते जुने गाणे सगळे मिळून गातात आणि अल्बम तिथेच थांबतो; मी बराच वेळ पुढच्या गाण्याची वाट पाहत बसलो होतो.

सुईखालचा

म्हणजे इतकी वर्षे तुमचा जो आवडता अल्बम होता, तो क्वीनने काढलेलाच नव्हता!

काळी बाजू

तो मित्राने काढला होता. तरीही 'किलर क्वीन' वगळून काल रात्री पुन्हा ऐकला, आणि मत 'क्वीन टू'लाच आहे. फक्त सीडी संपल्यावर तीन मिनिटे अजूनही चुकल्यासारखी वाटतात.